एका जाळावर दोन रंगारी

कोळसेवाल्याची बंडी आमच्या दारात थांबली की गडी काही न विचारता पोतं खांद्यावर घ्यायचा आणि थेट भट्टीजवळ नेऊन ओतायचा. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं. त्या उन्हाळ्यात मात्र बंडी थांबली आणि गडी खाली उतरलाच नाही.

"काहून थांबला गा? टाक ना," मामाजी म्हणाले. मामाजी म्हणजे माझे सासरे.

"आधी भाव ऐकून घ्या. मंग टाकतो."

भाव ऐकून मामाजी थोडा वेळ बैलांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "ने वापस."

बंडी खरंच परत गेली. आत तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी भरलेलं, सोडा मोजून ठेवलेला, बाजूला कोऱ्या सुताचा ढीग, आणि भट्टीखाली कालची राख. मामाजी आत आले, पाटावर बसले, लगेच उठले, दारात जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत पाहून आले, पुन्हा बसले. त्या दिवसानंतर मी त्यांना भट्टीजवळ निवांत बसलेलं फारसं पाहिलं नाही. आमचं सगळं घरच त्या दिवसापासून उभं राहिलं, बसायचं विसरून गेलं.

मी कुहीकडची. धानाच्या खेड्यात वाढलेली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लग्न होऊन नागपूरला आले ती रंगाऱ्याच्या घरी. आजूबाजूच्या गल्ल्यांमधून घराघरात हातमाग होते. नऊवारी लुगडी विणली जायची, आणि त्यांचं सूत रंगवायला आमच्याकडे यायचं. सकाळी उठल्यापासून मागांची खटखट कानावर असायची. पहिले काही महिने मला ती सहन व्हायची नाही, आणि नंतर माहेरी गेले की तिच्यावाचून झोप यायची नाही.

सूत रंगवणं म्हणजे खरं तर पाणी उकळणं. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. कोरं सूत आधी सोड्याच्या पाण्यात उकळायचं, म्हणजे त्यातलं तेलकट निघून जातं आणि रंग आत शिरतो. मग रंगाच्या उकळत्या पाण्यात, बांबूच्या दांड्यांवर लडी अडकवून फिरवत राहायचं. आणि सगळ्यात शेवटी साबणाची उकळी. ती सगळ्यात लांब. वरवर बसलेला रंग तिच्यात सुटून जातो. "उरन तो आपला," मामाजी म्हणायचे. आमच्या लाल काठाचं लुगडं कितीही धुतलं तरी पांढऱ्या अंगावर लाली उतरत नसे, ते त्या शेवटच्या उकळीमुळे. विणकर दुसरीकडे कमी भावात रंग मिळत असूनही आमच्याकडे येत, तेही तिच्यामुळेच.

म्हणजे प्रत्येक सुताला तीन उकळ्या. कोळसा स्वस्त होता तोवर हे कुणी मोजलं नव्हतं.

तो का महागला, याची गल्लीत रोज नवी कहाणी असायची. कुणी म्हणे दूरच्या देशांनी तेल महाग केलं, म्हणून मोठे कारखाने कोळशावर आले आणि आपल्याला उरेना. कुणी म्हणे डिझेल चढलं म्हणून ट्रकवाले चढले. आम्हाला कळायचं एवढंच की कन्हानच्या खाणी आमच्यापासून सायकलने जाण्याइतक्या जवळ, तिथला कोळसा रेल्वेच्या वाघिणी भरभरून कुठे कुठे जातो, आणि आमच्या दारात येणारी पोती मात्र दर खेपेला लहान आणि महाग. घरातलं रॉकेलही तसंच. स्वयंपाकाच्या स्टोव्हसाठी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि पुढच्या बाईचा डबा भरता भरता दुकानदार हात वर करायचा.

आमच्या अंगणात एक भिंत होती. पलीकडे मामाजींचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे, त्यांना सगळे काकाजी म्हणत. तेही रंगारीच. एकाच बापाने दोघांना एकाच हंड्यावर धंदा शिकवला. बाप गेल्यावर वाटणी झाली तेव्हा मोठा हंडा आमच्या बाजूला आला आणि विहीर त्यांच्या बाजूला गेली. मामाजी म्हणाले, तू पाणी दे, दिवसाआड हंडा तुझा. काकाजी म्हणाले, पहिला दिवस कोणाचा? एवढ्यावरून बिनसलं. आवाज चढले, जुनं जुनं निघालं आणि भिंत उभी राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा दोघांमधला अबोला जुना आणि पक्का झालेला होता. आम्ही महापालिकेच्या नळावरून आणि हातगाडीवरच्या ड्रममधून पाणी आणायचो, पलीकडे विहीर असताना. ते दोन लहान हंड्यांखाली दोन भट्ट्या पेटवायचे, अलीकडे मोठा हंडा असताना. दोन्ही घरांचं रंगीत पाणी मात्र बाहेर एकाच नालीत पडायचं. त्यावरून मला कळायचं, आज पलीकडे हिरवं आहे की जांभळं.

आता वाटतं, कोळसा स्वस्त होता म्हणूनच तो अबोला दोघांना परवडत होता.

बंडी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे यजमान लाकडाच्या टालावर जाऊन आले. लाकूड आलं ते ओलं. धूर एवढा झाला की शेजारच्या माणसाने माग थांबवून खोकत खोकत येऊन विचारलं, आग लागली काय. पाणी कोमट होऊन तिथेच थांबलं. शेवटी कोळसा घ्यावाच लागला, सांगितलेल्या भावाने, अर्धाच. मग आम्ही राख चाळायला लागलो. भट्टी विझली की राखेत अर्धवट जळलेले तुकडे राहतात. आधी ते राखेबरोबर फेकले जायचे. आता मी आणि यजमान चाळणी घेऊन बसायचो, नाकाला पदर आणि रुमाल बांधून. मामाजी वाकून वाकून जमिनीवर सांडलेले खडे वेचायचे. एवढा उंच माणूस, कोपरापर्यंत लाल हात, आणि बोराएवढा कोळसा चिमटीत धरून भट्टीकडे नेतो आहे, ते बघवत नसे.

एका दुपारी मी चाळणी थांबवली तरी चाळण्याचा आवाज येतच राहिला. भिंतीपलीकडून. मी हलवली की तिकडे थांबायचा, मी थांबले की पुन्हा सुरू व्हायचा. पलीकडेही राखच चाळत होते.

मग मला माहेर आठवलं. कुहीला तांदळाच्या गिरणीमागे धानाच्या तुसाचे ढीग पडलेले असत. कुणी फुकट नेलं तरी गिरणीवाला खूश. मी मामाजींना सांगितलं. ते "पाहू" म्हणाले. मी माझ्या भावाला निरोप धाडला, आणि तो भल्या सकाळी ट्रकवरून तुसाची पोती घेऊन आला. अंगण भरून गेलं. माझ्या अंगात दोन दिवस वारं शिरल्यासारखं झालं होतं. भट्टीत तूस दाबून भरायचं, मधे वारा जायला पोकळी ठेवायची, हे भावानेच दाखवलं. पेटलं. छान पेटलं. पाण्यावर वाफ आली.

पण उकळी काही फुटेना. तूस धुमसतं, भडकत नाही. यजमानांनी फुंकणी घेतली, मग सूप घेऊन वारा घालायला लागले, आणि त्याबरोबर काळी हलकी राख वर उठली. अंगणात पिवळं सूत वाळत होतं. एका लग्नघरच्या लुगड्यांचं, हळदीसारखं पिवळं. त्याच्यावर ती राख अलगद उतरत गेली आणि ओल्या धाग्यांना चिकटली. आम्ही धावत जाऊन लडी काढल्या. झटकल्या तर ठिपक्यांच्या रेघा झाल्या.

भाऊ खाली मान घालून उभा. मामाजींनी एक लडी उचलून उन्हात धरली. मला वाटलं, आता बोलतील.

"तुह्या माहेरच्यानं जीव लावला, पोरी," ते म्हणाले. "पण हे आपल्याले नाई जमणार. आण, पुन्हा धुऊ."

सबंध सूत पुन्हा उकळावं लागलं, त्याच महागाच्या कोळशावर. तूस वर्षभर भांडी घासायला पुरलं.

त्यानंतर यजमानांनी जे सुचवलं त्याने घरात पहिल्यांदा आवाज चढला. जेवताना ते म्हणाले, "बाबा, साबणाची उकळी अर्धी करू. कोणाले कळते? बाकीचे सगळेच करून राहिले."

मामाजींचा हात ताटातच थांबला. "लुगडं धुतलं का कळते."

"तेव्हाचं तेव्हा पाहू. आता भट्टी तं चालू राहीन."

"उकळी अर्धी कराची असन तं भट्टी पुरीच बंद कर. मी उद्यापासून रंगारी नाई म्हणून सांगतो गल्लीत."

"मंग कोळसा कोण आणून देते तुमाले?"

मामाजींनी ताट पुढे सरकवलं. ते पानावरून उठले. यजमानही उठले. भाकरी टोपल्यात तशीच राहिली, आणि मी दोघांकडे आळीपाळीने बघत बसले. दोघांचंही मला पटत होतं, हाच माझा त्रास होता.

दुसऱ्या दिवशी यजमान सायकल काढून कन्हानला गेले. पलीकडच्या काकाजींचा मुलगा, म्हणजे यांचा चुलतभाऊ, तिथे खाणीत लागला होता. रविवारी घरी यायचा. भाऊ-भाऊ बोलत नसले तरी ही मुलं बाहेर चहाच्या टपरीवर बोलायची, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी यजमान परतले तेव्हा कॉलरवर काळी रेघ होती.

"जागा निघन म्हणते तो," ते मला म्हणाले. "तू काय म्हणतं?"

मी काय म्हणणार? खाण म्हटलं की मला खाली अडकलेली माणसंच दिसायची. आणि भट्टीजवळ एकटे मामाजी, हे चित्रही डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. मी म्हटलं, "थोडं थांबा ना."

"थांबूनच तं राहिलो," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. त्या आठवड्यात ते तीनदा सायकल काढून दारापर्यंत गेले आणि परत आणून भिंतीला टेकवून ठेवली.

बुधवारी मी सक्करदऱ्याच्या बाजाराला गेले होते. भाजीच्या रांगेत समोर पलीकडच्या जाऊबाई. त्या माझ्याहून मोठ्या, नवरा खाणीत, त्यामुळे सासऱ्याबरोबर भट्टी त्याच सांभाळायच्या. आम्ही एकमेकींना बघून हसायचो, पण गल्लीत नाही. बाजारात कुणाचं बंधन नव्हतं.

वांगी निवडता निवडता त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "काय वं, तुमच्या इकडं बी राख चाळता काय?"

मला हसूच फुटलं. त्याही हसल्या. भाजीवाली आमच्या तोंडाकडे बघायला लागली.

मग आम्ही एका झाडाखाली उभ्या राहून बोललो. त्यांची भट्टी आता दिवसाआड पेटत होती. काकाजी रिकाम्या दिवशी विहिरीभोवती फेऱ्या मारायचे आणि रहाटाला तेल द्यायचे, दिलेलं असलं तरी.

"तुमचा हंडा मोठा," त्या म्हणाल्या. "तुमच्या एका जाळात होते तेवढ्याच कामाले आमचे दोन जाळ लागतात."

"आणि तुमच्याकडं विहीर. आमची अर्धी सकाळ नळावर जाते."

जे मनात आलं ते दोघींच्याही मनात एकदमच आलं असणार.

"हे दोघं म्हातारे जिवंत असेपर्यंत तं..." मी बोलून गेले.

"असं बोलू नोको वं," जाऊबाई म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. पिशवी उचलून त्या वेगळ्या वाटेने गेल्या, मी वेगळ्या वाटेने.

आम्ही काही ठरवलं नव्हतं. जे झालं ते आपोआप झालं, आणि फार वाईट तऱ्हेने झालं. लग्नसराई जवळ आली होती. एका सकाळी आमच्या हंड्यातलं पाणी नुकतंच उकळीला आलेलं, सूत अजून आत सोडलेलं नव्हतं. बाहेर गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. बघते तर जाऊबाई आमच्या दारात. डोक्यावर घमेलं, त्यात ओलं सूत, आणि त्यातून लाल पाणी त्यांच्या कपाळावरून, मानेवरून, खांद्यावरून ओघळतं आहे. गल्लीतल्या बायांना वाटलं होतं, हिचं डोकं फुटलं.

"हंड्याचा पेंदा फुटला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पाणी भट्टीत पडलं, जाळ विझला. दुसरी भट्टी तं पेटवलीच नव्हती. रंग बादल्यांत काढला, पण थंडा होऊन राहिला. सूत अर्ध्यात आहे, मामाजी. पट्टे पडतील."

त्या आमच्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. कित्येक वर्षांत त्या घरातलं कुणी आत आलेलं नव्हतं. मामाजी दांडा हातात धरून तसेच उभे. यजमान त्यांच्याकडे बघत होते, मी यजमानांकडे. अर्ध्या रंगात सूत गार झालं की ते कायमचं वाया जातं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"पाहत काय राहिला?" मामाजी यजमानांवर ओरडले. "काढ पाणी. अर्धा हंडा रिकामा कर."

आम्ही तिघांनी मिळून उकळतं पाणी उपसलं. बाहेर दोन बादल्या आल्याचा आवाज झाला. काकाजी स्वतः घेऊन आले होते, पण उंबऱ्यापाशी येऊन थांबले. पाऊल आत टाकेनात. यजमानांनी बादल्या आत घेतल्या, रंग हंड्यात ओतला, सूत दांड्यांवर चढलं. वाफेने सगळं भरून गेलं.

बाहेरून काकाजींना काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "सूनबाई, मीठ टाकलं काय, विचार."

रंग धाग्यात ओढला जावा म्हणून पाण्यात मीठ घालतात. मामाजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, सांग त्याले, मीठ टाकणं मी त्याच्यापासून नाई शिकलो."

मी सांगायची गरजच नव्हती, दोघांच्या मधे पाच-सात पावलं असतील. तरी मी दाराकडे तोंड केलं. तेवढ्यात तिकडून, "सूनबाई, सांग त्याले, हा लाल वेगळा आहे. मीठ एकदम नाई टाकाचं. दोनदा टाकाचं."

"लाल काय वेगळा रायते?" मामाजी म्हणाले, आणि या वेळी माझ्याकडे नाही, थेट दाराकडे. "तू काल जन्मला, मले लाल शिकवतं?"

"तुमी जन्मभर लाल करपवला! बाबा असताना बी करपवत होते!"

"कोण करपवत होतं? कोण करपवत होतं गा?"

"पाहा, पाहा, दांडा थांबला तुमचा! फिरवा!"

आणि काकाजी उंबरा ओलांडून आत आले. कुणी या म्हटलं नाही. त्यांनी हंड्याच्या दुसऱ्या बाजूचा दांडा पकडला आणि फिरवायला लागले. दोघं समोरासमोर उभे, मधे उकळतं लाल पाणी, दोघांचे हात एकाच चालीने फिरताहेत, आणि तोंडं भांडताहेत. बापाच्या वेळच्या कुठल्या लुगड्याचा रंग कुणी बिघडवला, वाटणीत पितळेची कोणती घागर कुठे गेली, आईला शेवटचं पाणी कुणी पाजलं, सगळं निघालं. जाऊबाई कोपऱ्यात बसून पदराने तोंड पुसत होत्या. त्या हसताहेत की रडताहेत ते मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नसेल.

सूत वाचलं. काकाजी चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई कोळशाचं अर्धं पोतं घेऊन आल्या. काल जाळ तुमचा जळला म्हणून. मामाजींनी ते परत पाठवलं. "कोळसा नोको म्हणा. दोन घागरी पाणी पाठवता येत असन तं पाठवा."

पाणी आलं. गल्लीतून वळसा घालून घागरी आणायला जाऊबाईंना धाप लागायची. यजमान म्हणाले, भिंतीला दार पाडू. मामाजी ताडकन उठले. "भोक पाडा. दार नाई पाहिजे." पलीकडून काकाजींचंही तेच म्हणणं निघालं. फक्त भोक कुठे पाडायचं यावर पुन्हा वाद. अलीकडे मामाजी बोट दाखवायचे, पलीकडे काकाजी काठीने ठोकायचे, आणि यजमान मधे छिन्नी-हातोडा घेऊन दोन्ही आवाजांच्या मधला अंदाज काढत बसलेले. नळी जाईल एवढं भोक झालं. विहिरीचं पाणी सरळ आमच्या हंड्यात पडायला लागलं. पुढे त्यातून लडी द्यायच्या म्हणून ते वाढवावं लागलं, मग घमेलं जावं म्हणून आणखी. शेवटी जाऊबाई कमरेत वाकून त्यातून येऊ लागल्या. दोघंही म्हातारे त्याला शेवटपर्यंत भोकच म्हणत.

त्यांचे दोन्ही हंडे, एक फुटका आणि एक धड, तसेच पडून राहिले. एका जाळावर दोन घरांचं सूत निघू लागलं. पण त्यासाठी सगळी रीतच उलटी करावी लागली. आधी ज्याचं सूत आधी आलं त्याचा रंग आधी. आता आम्ही रंगांना दिवस वाटून दिले. एकदा तापलेलं पाणी फेकायचं नाही. सकाळी फिका पिवळा, त्याच पाण्यात पुढे गडद पिवळा, मग केशरी, मग लाल, दिवस उतरता उतरता डाळिंबी. दुसऱ्या दिवशी निळा आणि त्याच्या पाठोपाठ हिरवा. काळा सगळ्यात शेवटी, आठवड्यातून एकदा. साबणाची उकळी मात्र पूर्ण. त्यावर दोघा भावांचं कधी दुमत झालं नाही, आणि यजमानांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

विणकर वैतागले. "मले आज हिरवा पाहिजे, अन् तुमी म्हणता आज लालचा दिवस आहे. रंगाचे काय वार रायतात का?" एक जण मामाजींवर खेकसला. मामाजी म्हणाले, "आता रायतात. कोळशाले विचार." काही जण सोडून गेले. बरेच थांबले. पुढे पुढे तेच आपापसात बोलून घ्यायचे, या हप्त्यात कुणाचे लाल काठ आहेत ते, आणि सूत एकत्र आणून टाकायचे.

सुखाचे दिवस होते असं मी म्हणणार नाही. भट्टी एक झाली, धास्ती तीच राहिली. कोळसा आणखी चढला. पावसाळ्यात तो ओला यायचा. दोघं म्हातारे रोज भांडायचे, जाळ जास्त झाला, जाळ कमी झाला. यजमान कधी कधी हात धुऊन बाहेर जायचे आणि गल्लीच्या टोकाशी नुसते उभे राहायचे, पाठ आमच्याकडे करून. मला कळायचं, ते अजून कन्हानला गेलेलेही नाहीत आणि इथे राहिलेलेही नाहीत. मी त्यांना हाक मारत नसे. पण भट्टी रोज पेटत होती, आणि मामाजींनी खडे वेचायचं सोडलं होतं, एवढं खरं.

असे काही हंगाम गेले. मग गल्लीतली खटखट विरळ व्हायला लागली. गिरणीची, चकचकीत, न चुरगळणारी लुगडी आणि पातळं दुकानात आली. हातमागाचं लुगडं म्हाताऱ्या बायकांचं ठरलं. विणकरांची पोरं रिक्षा, हमाली, कारखाने, जे मिळेल तिकडे गेली. जे विणत राहिले त्यांना बाहेरून रंगवलेलं तयार सूत मिळू लागलं, मोठ्या बॉयलरच्या कारखान्यातलं. आमच्या भावात आणि त्या भावात मेळ बसेना. रंगांचे वार कमी होत गेले. आधी काळा गेला, मग निळा.

काकाजी एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. त्यांना नेऊन आल्यावर मामाजी आंघोळ करून भट्टीपाशी आले आणि म्हणाले, "आज पेटवू नोका." दुसऱ्या दिवशी पेटवली. ते दांडा धरायला आले, पण समोर कुणी बोलायला नाही म्हटल्यावर त्यांचा हात चालेना. थोडा वेळ फिरवून ते आत गेले. नंतर ते आलेच नाहीत असं नाही, पण आले तरी नुसते बघायचे.

यजमान अखेर कन्हानला लागले. खाणीत खाली नाही, वर, वजनकाट्यावर. तेवढं मी मागितलं होतं. मग मी आणि जाऊबाई दोघीच वर्षभर चालवत राहिलो. आम्हाला काम येत होतं, उरकतही होतं. पण हप्त्यातून एकदा भट्टी पेटवायची तर गार हंडा तापवण्यातच अर्धा कोळसा जातो. एका सकाळी जाऊबाई भोकातून वाकून आल्या, भट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय करतं वं?" त्यांनी विचारलं.

"तुमी सांगा."

"मी कायले सांगू? तू बी पाहूनच राहिली ना."

आम्ही मामाजींना विचारलं. ते खाटेवर पडून होते. उठून बसले. मग म्हणाले, "ज्याचं ज्याचं सूत पडलं असन, ते नेऊन द्या. हातात द्या. कोणाच्या हाती पाठवू नोका."

म्हणून आम्ही दोघी निघालो, कोरं सूत गाठोड्यात बांधून. पाच-सहाच घरं उरली होती. बहुतेकांनी आधीच ओळखलं होतं. कुणी म्हणालं, बरं केलं. कुणी म्हणालं, आता इथं माग कोणाचा राहणार. शेवटच्या घरी एक म्हातारी एकटीच मागावर बसलेली. नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्या शहरात. तिने गाठोडं सोडून सूत पाहिलं, लडी मोजल्यासारखा हात फिरवून परत बांधलं.

"कोरंच विणतो आता," ती म्हणाली. "पांढरं बी लोक नेसतात." मग आमच्याकडे वळून, "चहा मांडू काय? रॉकेल आहे थोडं."

आम्ही नको म्हटलं. तिने तरी स्टोव्ह पुढे ओढला आणि पंप मारायला लागली. स्टोव्ह दोनदा भडकून विझला. तिसऱ्यांदा निळी ज्योत धरली तेव्हा जाऊबाई माझ्या शेजारी खाली बसल्या. मीही बसले. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता, आणि चहा होईपर्यंत आम्ही तिघी तो ऐकत बसलो.